बांधावरचं गाऱ्हाणं

“नाव अगदी शेवटाक घेवचा,” दाजी म्हणाले. “आधी राखण्याची थोरवी गा. मगे पोराबाळांची, गुराढोरांची राखण माग. लोकांचो सूर लागलो काय सांगान टाक, बांध येशीन फोडल्यान म्हणान. तुजा काम झाला.”

मी त्यांच्या अंगणात उभी होते, हातात बाबांची वेताची काठी घट्ट धरून. दाजी म्हणजे आमचे गावकर, गावाचे पहिले मानकरी. ते घराच्या पायरीवर ऐसपैस बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. एका बाईला समुद्राच्या तोंडी द्यायची बोलणी चालली होती आणि यांचं सगळं लक्ष सुपारीचे तुकडे सारखे पडतात की नाही याकडे. आता माझे केस पिकले, पण ती सुपारी आठवली की अजून माझं डोकं तापतं.

“पण येसूमावशीन बांध फोडूक नाय, दाजी.”

“तुका कोणी इचारल्यान?”

“राखणो इचारतलो.”

अडकित्ता क्षणभर थांबला. मग दाजी हसले. “चेडवा, काठी हातात इली म्हणान तू घाडी झालंस काय? आमी सांगू ता बोलूचा. तुजो बापूस पण ताच करी.”

हे धडधडीत खोटं होतं. पण बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

आमचं गाव कांदळखार. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये काळ्या दगडांचा लांबलचक बांध. भरतीचं पाणी शेतांपेक्षा उंच चढतं. बांध नसता तर आमच्या घरांत माणसांऐवजी मासे राहिले असते. पण हा बांध नुसत्या दगडांच्या जोरावर उभा नव्हता. त्याच्या पलीकडे, खाडीत, राखणा उभा असायचा. परगावच्यांना हे सांगितलं की ते गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. मी त्याला रोज बघत होते. माडाएवढं उंच, काळसर पाणी, वारा असो नसो, एका जागी उभं. त्याला नाक-डोळे नव्हते, पण त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आम्हाला पोराटोरांनाही कळायचं. राखण करणारा तो, त्यामुळे तोंड समुद्राकडे आणि पाठ आमच्याकडे.

मोठ्या उधाणाच्या आधी सगळं गाव बांधावर जमायचं. आमच्या घरातला घाडी काठी टेकून राखण्यापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाचं म्हणणं मांडायचा, आणि दर वाक्याला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” गाव ज्याला होय म्हणेल ते राखणा खरं धरायचा, आणि त्याने धरलं की ते टळत नसे. एक जरी आवाज कमी पडला तरी मात्र गाऱ्हाणं लागत नसे.

एवढं वजन त्या एका शब्दाला, आणि म्हणणाऱ्यांची तऱ्हा बघा! कोणी तंबाखू मळतोय, कोणी शेजारणीपाशी सुनेच्या कागाळ्या करतेय. घाडीचा सूर खाली आला की तेवढ्यापुरती मान वर, “व्हय म्हाराजा”, आणि कागाळी पुढे चालू. एकदा बाबांना मधेच ठसका लागला, तर त्या ठसक्यालाही लोक एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणाले. त्या वर्षी गावभर खोकल्याची साथ होती.

मी पंधरा वर्षांची होते त्या आषाढात बांधाला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. खारं पाणी शेतात शिरलं, लावलेली रोपं दोन दिवसांत पिवळी पडली. आणि राखण्याने तोंड फिरवलं. समुद्राकडे पाठ करून तो आमच्याकडे बघत उभा राहिला. दारच्या कुत्र्याने एखाद्या दिवशी चोराला सोडून घरच्यांवरच गुरगुरावं, तसं ते होतं. माणसं खाडीकडच्या खिडक्या लावून घ्यायला लागली.

जुना रिवाज असा होता, की ज्याने बांधाला इजा केली त्याचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायचं. गावाने होय म्हटलं की त्याचे पाय बांधाला लागतात. बांधावर तो हवा तेवढा चालेल, पण खांड बुजेपर्यंत खाली उतरू शकणार नाही. गुन्हेगार मिळाला की राखणा फिरून समुद्राकडे तोंड करतो आणि गाव वाचतं. बांधावर अडकलेल्याचं त्याने काय करायचं ते करावं. श्रावणी अमावास्येचं उधाण तोंडावर आलं होतं, ते खांडीतून आणि बांधावरून जाणार होतं, आणि ती खांड एकट्या माणसाच्याने बुजणारी नव्हती. म्हणजे येसूमावशीचं नाव घेणं आणि तिला हाताने पाण्यात ढकलणं, दोन्ही सारखंच.

राखणा खरंखोटं पारखत नाही, गाव काय म्हणतं तेवढंच ऐकतो. याचा मला तेव्हा त्याच्यावरही राग आला होता.

माझी पाळी आली ती काठीमुळे. घाडीच्या रक्ताशिवाय ती कोणाच्या हातात राहत नसे. दाजींनी स्वतः धरून बघितली होती, तळहाताला फोड आले. आई दुसऱ्या गावातून लग्न होऊन आलेली. उरले मी. पोर आहे, पढवू तसं बोलेल, असा त्यांचा हिशेब.

येसूमावशी कांदळवनाच्या कडेला, झावळ्यांच्या खोपीत एकटी राहायची. कधीकाळी पलीकडच्या किनाऱ्यावरून नवऱ्याबरोबर आली होती. नवरा होडीसकट बुडाला, ती राहिली. बांधाच्या बिळांत हात घालून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायची आणि घरोघर नेऊन द्यायची. गावाने तिच्या कुर्ल्या बोटं चाटून खाल्ल्या, पण गाऱ्हाण्याला होय म्हणायला तिला कधी बोलावलं नाही. ती गावची नव्हे ना! आणि आता बिळांत हात घालून घालून तिनेच बांध पोखरला, असं ठरलं होतं. बाबा तापाने फणफणत होते तेव्हा आमच्या दाराकडे कोणी फिरकलं नव्हतं. ती रोज कुर्ल्यांचं कढण आणून ओट्यावर ठेवायची, आणि हाक न मारता निघून जायची.

दाजींच्या अंगणातून निघाले ती थेट भामाकाकीकडे गेले. ही आमची शेजारीण, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ, असं मला तोवर वाटत होतं. ती मागीलदारी धुणं धूत होती.

“काकी, उद्या माका येसूमावशीचा नाव घेवक सांगतत.”

“आयकलंय.”

“तुमी व्हय म्हणू नकात. तुमी एकट्यांनी. एक आवाज कमी पडलो तरी गाऱ्हाणा लागाचा नाय.”

“अगो बाय माजे!” काकी हसलीच. “आमी काय आयकतो काय गो थंय? सूर खाली इलो काय त्वांड उघडता आपसूक. सवय ती!”

“मगे उद्या आयका.”

“आयकान काय करू? आयकला तर झोप लागाची नाय. तेच्यापेक्षा आयकूकच नको.” आणि तिने पिळलेलं लुगडं दगडावर असं आपटलं, की पाणी माझ्या तोंडावर उडालं.

मी तोंड पुसलं आणि त्या दगडाकडे बघितलं. काळा, घट्ट, अंगावर कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, पांढऱ्या खपल्या. कालवं समुद्राच्या पाण्यात धरतात, मागीलदारी धरत नाहीत.

“ह्यो धोंडो खंयचो, काकी?”

“खंयचो म्हणजे? आमच्या सासऱ्यांनी हाडलेलो.”

कांदळखारची घरं तांबड्या चिऱ्याची. काळा दगड आमच्याकडे एकाच ठिकाणी होता. घरी जाताना मी वाटेवरचं एकेक अंगण बघत गेले. कोणाच्या तुळशीखाली दोन, कोणाच्या विहिरीच्या काठाला चार, गोठ्याच्या उंबऱ्याला एक. सगळे काळे, सगळ्यांना कालवांच्या खपल्या. जन्मापासून हे दगड रोज डोळ्यांपुढे होते, मी त्यांवर बसून चिंचा खाल्ल्या होत्या. आणि दाजींची ती ऐसपैस पायरी! ती एक नव्हती, अंगणापासून ओटीपर्यंत सात-आठ होत्या, एकेक पायरी बैलाच्या पाठीएवढी रुंद. अख्ख्या गावात एकच घर असं होतं की जिथे काळा दगड औषधालाही नव्हता, आणि ते होतं झावळ्यांचं.

घरी आले तर आई न्हाणीत भांडी घासत होती. न्हाणीत पाय ठेवायला बाबांनी बसवलेला दगड होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

आईने माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं आणि तिला कळलं. “सगळ्यांनीच बांधावरसून हाडल्यानी गो,” ती हळूच म्हणाली. “एका धोंड्यान काय होता?”

“खांड होता.”

“सुरंगे, तुज्या पाया पडतंय. सांगतत ता बोलून मोकळी हो. आपणाक हंयच रवाचा आसा.”

“येसूमावशीक पण हंयच रवाचा आसा, आये.”

आईच्या हातातलं भांडं घासून लखलखीत झालं होतं, तरी ती घासत राहिली. ते भांडं कढणाचं होतं.

मला आईचा राग आला, काकीचा आला, दाजींचा तर इतका आला की जेवण गेलं नाही. पण रागाने काय होतं? मी नाव घ्यायला नकार दिला असता तर दाजी म्हणाले असते, पोर घाबरली, आणि पुढे काहीच न होता उधाण येऊन सगळं गाव धुऊन गेलं असतं, येसूमावशीसकट. कोणीतरी गाऱ्हाणं घालायला हवंच होतं. आणि ते घालणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. हे जेव्हा मला नीट उमगलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. तोवर नुसता संताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीच्या वेळी, गाव बांधावर जमलं. रिवाजाप्रमाणे लहान पोरं घरी ठेवली होती. येसूमावशीला खांडीच्या तोंडाशी उभं केलं होतं. तिला कोणी धरलं नव्हतं. जाणार तरी कुठे होती? तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि केस चापून बांधले होते. ते बघून माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले, कारण रडका सूर लागला असता तर लोकांनी कान टवकारले असते.

राखणा समोर उभा होता, तोंड आमच्याकडे. त्याच्या अंगाचा गार, चिखलट वास बांधावर पसरला होता.

दाजी सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. पहिला होकार गावकराचा, त्याच्यामागे बाकीच्यांचा. “कर सुरू,” ते म्हणाले.

मी काठी टेकली आणि बाबांचा सूर लावला. तो मला येत होता. लहानपणापासून त्यांच्या मांडीवर बसून ऐकला होता.

“बा म्हाराजा, खाडीच्या राखण्या! तुज्या पायाकडे ह्यो कांदळखारचो गाव ल्हान-थोर गोळा झालो आसा.”

“व्हय म्हाराजा!”

“पोराबाळांक सांभाळ, गायी-वासरांक सांभाळ, दर्यात गेल्ली होडी काठाक लाव.”

“व्हय म्हाराजा!”

सुरुवातीला दाजी डोळे बारीक करून माझा शब्द न् शब्द ऐकत होते. पोर पढवल्याप्रमाणे बोलतेय असं दिसल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. मी आणखी लांबवलं. माडांची राखण मागितली, कोंबड्यांची मागितली, फणसाची मागितली. मागे तंबाखूची पिशवी फिरायला लागली. भामाकाकी कोणाला तरी सांगत होती की तिच्या जावेने लोणच्यात मीठ जास्त घातलं. दाजींनी पानाचा विडा तोंडात टाकला.

“वाडवडलांनी घातल्लो बांध, म्हाराजा, आज फुटलो.”

“व्हय म्हाराजा!”

आता. सूर बदलायचा नाही, वर जायचं नाही, थांबायचं नाही.

“तो कुर्लेन फोडूक नाय, कुर्ली धरणाऱ्या हातान फोडूक नाय.”

“व्हय म्हाराजा!”

येसूमावशीने मान वर केली. त्या सगळ्या गर्दीत फक्त तीच ऐकत होती.

“बांधाचो धोंडो ज्येच्या पायरेक लागलो, ज्येच्या तुळशीक लागलो, ज्येच्या धुण्याक लागलो, तेनी बांध फोडल्यान, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज दाजींचा. हात वर करून, तोंडात विडा.

इथे मी थांबले असते तरी चाललं असतं. आमच्या न्हाणीचा मी उल्लेख केला नव्हता. आई तिसऱ्या रांगेत उभी होती, आणि तिचे ओठ इतरांबरोबर हलत होते. नाव न घेता सुटू का आपण दोघी, असं माझ्या मनात येऊन गेलं; आलं नाही असं कशाला म्हणू? पण मग दाजींच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला असता?

“घाडयाच्या न्हाणयेक लागलो तो पण बांधाचोच धोंडो, म्हाराजा. माज्या घरातलो. आमी सगळ्यांनी मिळान बांध फोडलाव, आणि आमीच तो बांधतलाव!”

“व्हय म्हाराजा!”

काठी माझ्या हातात अशी थरथरली की मला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. राखणा कमरेत वाकला. पाण्याचा तो एवढा मोठा डोंगर वाकला, आणि पुन्हा सरळ झाला. तोंड अजून आमच्याकडेच होतं, पण ते कोणी बघितलं नाही. लोकांनी हात जोडले. झालं, सुटलो, असे निःश्वास पडले. दाजी पिंक टाकायला बांधाच्या कडेला गेले, एक पाय खाली टाकायला उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. खाली जाईना.

“माजो पाय!” दाजी ओरडले. पिंक त्यांच्याच धोतरावर पडली.

मग एकेकाने करून बघितलं. कोणी उडी मारायला गेला तर जागच्या जागी उडाला. कोणी बसून घसरायला बघितलं. भामाकाकी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय ओढत होती. जो गलका झाला तो काय सांगू!

“काय बोललंस गो तू?” दाजी माझ्या अंगावर धावून आले. बांधावर धावता येत होतं. “काय म्हटलंस राखण्याक?”

“तुमी पुढेच उभे होतात. आयकूक नाय?”

“उलटा कर ता! परत गाऱ्हाणा घाल!”

“माज्या बोलण्यान काय होता, दाजी? तुमी व्हय म्हटल्यात म्हणान लागला. काल मी तुमच्या दारात इलंय, काकीच्या दारात गेलंय. एकान कोणी तरी नाय म्हणा म्हणान. तेव्हा कोणाक नाय म्हणूक येयना. आज तुमका बरा नाय म्हणूक होया!”

“पोरी, उद्या उधाण आसा,” मागून कोणीतरी रडवेलं म्हणालं. “सगळे बुडतलव.”

“येसूमावशी एकटी बुडाक होई होती तेव्हा उधाण नव्हता काय?”

बुजवायचं म्हटलं तरी दगड हवेत, आणि दगड घरांत, आणि आम्ही सगळे बांधावर. हे हळूहळू एकेकाच्या ध्यानात येत गेलं, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम एका दिशेला वळल्या.

येसूमावशी बांधाखाली उभी होती. ती कधी उतरली ते कोणी बघितलं नव्हतं. तिच्या घरात दगड नव्हता, आणि तिला कधी होय म्हणू दिलं नव्हतं. कांदळखारमध्ये पाय मोकळे असलेलं मोठं माणूस तेवढं एकच.

“येशी...” दाजी म्हणाले, आणि थुंकी गिळून पुन्हा म्हणाले, “येसूबाय.”

येसूबाय! तीस वर्षं गावात काढल्यावर त्या दिवशी तिला बाय लागली. मला वाटलं, काठी घ्यावी आणि दाजींच्या पाठीत घालावी.

“मावशे,” मी खाली ओरडून सांगितलं, “तू गेलंस तरी तुका कोण काय म्हणूचा नाय. मी तर नायच नाय.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग खांडीकडे, आणि पाठ फिरवून आपल्या खोपीकडे चालू लागली. बांधावर बायकांनी रडायला सुरुवात केली. आईने येऊन माझा हात धरला. माझ्या बोलण्याने माझी आई बुडणार, हे तेव्हा मला पहिल्यांदा पुरतं कळलं.

खोपीतून येसूमावशी बाहेर आली ती खांद्यावर पहार घेऊन. कुर्ल्यांची बिळं मोठी करायची तिची पहार. ती खोपीवरून सरळ दाजींच्या अंगणात गेली, खालच्या पायरीच्या सांध्यात पहार घातली आणि अंगाचा भार टाकला. दगड निघाल्याचा आवाज बांधावर स्वच्छ ऐकू आला.

“हळू गो!” दाजी ओरडले. “ओटी खचात!”

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

घरी ठेवलेली पोरं आवाजाने बाहेर आली. येसूमावशीने त्यांना ओळीने उभं केलं. मोठ्या दगडांखाली ओंडके घालून लोटायचे, लहान हातोहात द्यायचे. दाजींची एकेक पायरी सरपटत बांधावर आली आणि आम्ही ती खांडीत बसवली. विहिरींचे काठ आले, गोठ्यांचे उंबरे आले, तुळशी जमिनीवर ठेवून त्यांचे ओटे आले. भामाकाकीचा धुण्याचा दगड आला तेव्हा तिने तोंड दुसरीकडे केलं. ज्यांनी आयुष्यात कधी एकमेकांच्या ताकाला हात लावला नव्हता ती माणसं एका दगडाला चारी बाजूंनी हात घालत होती. रात्रीच्या भरतीला खांडीतलं पाणी कमरेपर्यंत चढलं तेव्हाही हात थांबले नाहीत. आमच्या न्हाणीचा दगड पहाटे आला. आईने तो कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः नेऊन बसवला, त्यावरून एकदा तळहात फिरवला आणि पदर खोचून पुढच्या दगडाकडे वळली.

उधाण भर दुपारी आलं. समुद्र आवाज न करता फुगत फुगत वर आला. शेवटचा दगड बसला तेव्हा पाणी आमच्या घोट्यांना लागलं होतं. मी काठी घेऊन उभी राहिले. मला काही म्हणायचं सुचलं नाही, म्हणण्यासारखं काही उरलंही नव्हतं. राखणा आमच्याकडे बघत होता. मग हळूच, जड अंगाचा म्हातारा कूस बदलतो तसा, तो वळला. पाठ आमच्याकडे झाली. पाणी घोट्यांवरून बांधाच्या कडेपर्यंत उतरलं आणि तिथेच थांबलं.

पाय सुटले. लोकांनी धूम ठोकली, आपापल्या घरी. जो तो आपलं काय काय उखडलं ते बघायला. येसूमावशी पहारीवर हनुवटी टेकून बांधाखाली बसली होती, तिच्या दोन्ही तळहातांची सालपटं निघाली होती. तिच्या समोरून सगळं गाव गेलं. एक माणूस थांबलं नाही. आई थांबली. तिने ते हात पाण्याने धुतले आणि त्यांना खोबरेल लावलं.

आणि आता काय सांगतात ठाऊक आहे? त्या दिवशी म्हणे माझ्या अंगात आलं होतं. राखणाच माझ्या तोंडून बोलला म्हणे. माझीच नातवंडं बाहेरून ऐकून येतात आणि मला सांगतात. नाही आलं माझ्या अंगात कोणी! मी बोलले. माझ्या तोंडाने, शुद्धीवर, भीती वाटत असताना. पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्याला पकडलं हे गिळण्यापेक्षा देवाने पकडलं हे गिळायला सोपं जातं, एवढंच.

पुढच्या वर्षी उधाणाआधी गाव पुन्हा बांधावर जमलं. येसूमावशी आल्याशिवाय काठी टेकणार नाही, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती आली. तिला कोणी अडवलं नाही, पण पुढेही बोलावलं नाही. ती आपली सगळ्यांच्या मागे, कडेला उभी राहिली. मी पहिलं वाक्य म्हटलं.

बांधावर शुकशुकाट. कोणाच्या हातात तंबाखू नव्हती. भामाकाकी तोंड मिटून माझ्या ओठांकडे बघत होती. दाजींनी ते वाक्य मनात एकदा उलटंसुलटं करून बघितलं, त्यात काही लपलेलं नाही याची खात्री केली आणि मग सावकाश म्हणाले, “व्हय म्हाराजा.” त्यांच्यामागे सगळे म्हणाले.

काठी थरथरली नाही. गाऱ्हाणं लागलं नव्हतं, एक आवाज कमी होता.

सगळे मागे वळून बघायला लागले. येसूमावशीने पदर सावरला.

“माका हंयसून आयकाक येना नाय,” ती म्हणाली. “परत सांग.”

दाजींनी जिभेने च्यक् केलं. ऊन चढत होतं. मी काठी उचलून हातात आडवी धरली आणि गप्प उभी राहिले. शेवटी माणसं एकेक करून बाजूला सरली, मध्ये वाट झाली आणि येसूमावशी पुढे येऊन माझ्यासमोर, दाजींच्या शेजारी उभी राहिली.

मग मी काठी टेकली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगितलं.